यमुनेचे कणाहीन साक्षीदार : अपृष्ठवंशीय प्राण्यांचे प्रमुख संघ आणि त्यांची वैशिष्ट्ये

नवी दिल्ली : राजधानीतून वाहणाऱ्या यमुनेची प्रकृती तपासण्याच्या दोन पद्धती आहेत. पहिली सर्वपरिचित आहे. पाण्याचा नमुना बाटलीत भरून प्रयोगशाळेत नेला जातो आणि त्यातील विरघळलेला प्राणवायू, सेंद्रिय प्रदूषणाचे माप असलेली जैवरासायनिक प्राणवायूची मागणी आणि जिवाणूंचे प्रमाण मोजले जाते. दुसऱ्या पद्धतीची चर्चा फारशी होत नाही. तीत नदीच्या तळाचा गाळ जाळीत घेतला जातो, काठचे दगड उलटून पाहिले जातात आणि तेथे कोणते लहान प्राणी वस्ती करून आहेत याची नोंद केली जाते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने या दुसऱ्या पद्धतीसाठी स्वतंत्र जैविक निकष तयार केले असून त्यांचा पाया यमुनेवरील अभ्यासातच घातला गेला.

दोन्ही पद्धती वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे देतात. बाटलीतील पाणी नमुना घेतलेल्या क्षणापुरते बोलते. रात्री एखाद्या नाल्यातून विषारी पाणी सोडले गेले आणि सकाळपर्यंत ते वाहून गेले, तर दुपारच्या नमुन्यात त्याचा मागमूस राहत नाही. तळाशी राहणाऱ्या प्राण्यांना मात्र त्या रात्रीही तेथेच राहावे लागते. त्यांच्यापैकी कोण जगले आणि कोण नाहीसे झाले, यावरून गेल्या काही आठवड्यांचा, कित्येकदा महिन्यांचा इतिहास वाचता येतो.

हे साक्षीदार जवळपास सर्वच अपृष्ठवंशीय, म्हणजे पाठीचा कणा नसलेले प्राणी आहेत. त्यांची साक्ष समजून घ्यायची तर त्यांचे प्रमुख संघ कोणते, प्रत्येक संघाची शरीररचना कशी असते आणि तो श्वास कसा घेतो, हे ठाऊक असावे लागते. शालेय अभ्यासक्रमात पाठ केली जाणारी ही वर्गवारी नदीकाठी आली की एकदम उपयोगाची ठरते.

नकारातून जन्मलेले नाव

जगात आजवर ओळख पटलेल्या प्राण्यांच्या सुमारे १५ लाख प्रजातींपैकी ९५ टक्क्यांहून अधिक प्रजाती अपृष्ठवंशीय आहेत. भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेने २०२४ मध्ये देशातील प्राण्यांची सूची प्रसिद्ध केली. तीत १ लाख ४ हजार ५६१ प्रजातींची नोंद आहे आणि तेथेही बहुसंख्या कणा नसलेल्यांचीच आहे. वाघ, हत्ती, मोर, मासे आणि माणूस या सगळ्यांना मिळून प्राणिसृष्टीचा एक छोटासा कोपरा व्यापता येतो.

असे असूनही या बहुसंख्य प्राण्यांकडे विज्ञानाने दीर्घकाळ दुर्लक्ष केले. आधुनिक वर्गीकरणाचे जनक कार्ल लिनियस यांनी १७५८ मध्ये कणा नसलेले सर्व प्राणी ‘कीटक’ आणि ‘कृमी’ अशा दोनच गटांत कोंबले होते. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर, १७९३ मध्ये पॅरिसच्या निसर्गेतिहास संग्रहालयात जाँ-बाप्तिस्त लामार्क यांच्याकडे नेमका हाच दुर्लक्षित विभाग सोपवण्यात आला. त्यांनी या पसाऱ्याची नव्याने मांडणी केली आणि १८०१ मधील आपल्या ग्रंथातून ‘कणा नसलेले प्राणी’ ही संज्ञा रूढ केली.

या नावात एक अडचण आहे. या प्राण्यांजवळ काय नाही एवढेच ते सांगते. स्पंज आणि खेकडा या दोघांनाही कणा नाही, परंतु याखेरीज त्यांच्यात साम्य शोधणे कठीण आहे. म्हणूनच शास्त्रज्ञ त्यांची विभागणी काही मूलभूत प्रश्नांच्या आधारे करतात. शरीरातील पेशींच्या ऊती बनल्या आहेत का? शरीराची रचना चाकासारखी अरीय आहे, की डावी-उजवी अशी द्विपार्श्व? शरीरभित्ती आणि अन्ननलिका यांच्यामध्ये पोकळी, म्हणजे देहगुहा आहे का? शरीर खंडांमध्ये विभागलेले आहे का? या प्रश्नांच्या उत्तरांतून प्राण्यांचे तीसहून अधिक संघ आखले गेले आहेत. त्यांपैकी आठ प्रमुख संघांचा येथे विचार केला आहे.

अमिबा, पॅरामेशियम यांसारखे एकपेशीय आदिजीव पूर्वी प्राण्यांतच गणले जात. आता त्यांना प्राणिसृष्टीबाहेर स्थान दिले जाते. तरीही दिल्लीच्या पाण्याशी त्यांचा संबंध जवळचा आहे. सांडपाणी शुद्धीकरण केंद्रांतील हवा खेळवलेल्या टाक्यांमध्ये हे आदिजीव मोकळे तरंगणारे जिवाणू खातात आणि पाणी निवळण्यास हातभार लावतात.

रंध्रीय प्राणी : छिद्रांवर चालणारे जीवन

सर्वांत साधी शरीररचना रंध्रीय प्राण्यांची, म्हणजेच स्पंजांची असते. त्यांना तोंड, पोट, चेता किंवा स्नायू यांपैकी काहीही नसते. शरीरभर असंख्य सूक्ष्म छिद्रे असतात. आतील विशिष्ट पेशी आपल्या चाबकासारख्या केसांनी पाण्याचा प्रवाह खेचतात, त्यातील जिवाणू व अन्नकण टिपतात आणि उरलेले पाणी मोठ्या छिद्रातून बाहेर टाकतात. सिलिका किंवा चुन्याच्या सूक्ष्म सुया, अथवा स्पंजिन नावाचे तंतू या शरीराला आधार देतात.

स्पंज म्हटले की समुद्र आठवतो, पण गोड्या पाण्यातही स्पंज राहतात. भारतात त्यांचा पहिला पद्धतशीर अभ्यास मुंबईत झाला. मुंबईत नोकरीला असलेले शल्यचिकित्सक हेन्री जॉन कार्टर यांनी शहरातील तळ्यांमधील स्पंजांचे सविस्तर वर्णन १८४९ मध्ये प्रसिद्ध केले. तळे आटले की हे स्पंज मरतात, पण मागे कठीण कवचाच्या सूक्ष्म कळ्या ठेवतात. पाऊस पडला की त्यांतून नवे स्पंज वाढू लागतात.

एका जागी चिकटून राहणारा आणि दिवसभर पाणी गाळणारा प्राणी गाळाने भरलेल्या पाण्यात फार काळ तग धरू शकत नाही. छिद्रे बुजली की त्याचे खाणे आणि श्वास दोन्ही थांबतात.

दंशपेशी असलेले प्राणी

पुढचा संघ निडारिया. जेलीफिश, प्रवाळ, समुद्रफूल आणि गोड्या पाण्यातील हायड्रा हे या संघाचे सदस्य. त्यांचे शरीर अरीय सममित असून पेशींचे दोन थर त्यात असतात. शरीराला एकच तोंड असते. अन्न तेथूनच आत जाते आणि टाकाऊ भागही तेथूनच बाहेर येतो. तोंडाभोवतीच्या शुंडकांवर दंशपेशी असतात. भक्ष्याचा स्पर्श होताच त्यांतून गुंडाळलेला विषारी धागा झटक्यात बाहेर फेकला जातो.

या संघाच्या भारतीय अभ्यासात मराठी माणसाचे नाव ठळक आहे. मालवणात जन्मलेले वनस्पतिशास्त्रज्ञ शंकर पुरुषोत्तम आघारकर यांना पश्चिम घाटातील भ्रमंतीत गोड्या पाण्यातील जेलीफिश आढळली. त्या प्रकारची जेलीफिश तोपर्यंत आफ्रिकेतच ज्ञात होती. हा शोध १९१२ मध्ये ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत प्रसिद्ध झाला. त्यांचे नाव लाभलेल्या पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत हायड्रावर संशोधन चालते. हायड्राचे तुकडे केले तरी प्रत्येक तुकड्यातून पूर्ण प्राणी घडू शकतो. पेशींना आपली जागा आणि आपले काम कसे समजते, हे अभ्यासण्यासाठी तो म्हणूनच मोलाचा ठरतो. हायड्राला श्वसनासाठी स्वतंत्र इंद्रिय नाही. पाण्यातील प्राणवायू थेट त्वचेतून आत येतो. पाण्यात प्राणवायू नसेल, तर त्याच्याजवळ दुसरा उपाय उरत नाही.

चपट्या आणि गोल कृमी

येथून पुढे शरीराला डावी-उजवी बाजू आणि डोके येते. चपट्या कृमींच्या संघात फितीसारखे पातळ प्राणी मोडतात. त्यांना देहगुहा नसते आणि रक्ताभिसरण संस्थाही नसते. शरीर चपटे असल्यामुळे कोणतीही पेशी पृष्ठभागापासून दूर राहत नाही आणि प्राणवायू सरळ झिरपत पोहोचतो. प्लॅनेरिया हा स्वतंत्र राहणारा चपटा कृमी स्वच्छ पाण्यातील दगडांखाली आढळतो. संघातील पुष्कळ सदस्य मात्र परजीवी आहेत. यकृतकृमी आयुष्याचा एक टप्पा पाण्यातील गोगलगाईच्या शरीरात आणि दुसरा गुराढोरांच्या यकृतात काढतो. पट्टकृमीची अंडी दूषित पाण्यातून किंवा न धुतलेल्या भाजीपाल्यातून माणसाच्या पोटात गेली, तर त्यांतील अळ्या मेंदूपर्यंत पोहोचू शकतात. भारतात अपस्माराच्या झटक्यांमागे आढळणाऱ्या प्रमुख कारणांपैकी हे एक आहे.

गोल कृमींचे शरीर दोऱ्यासारखे, खंडविरहित आणि चिवट आवरणाने झाकलेले असते. तोंडापासून गुदद्वारापर्यंत सलग अन्ननलिका असते आणि देहगुहा आभासी असते. पोटातील जंत, अंकुशकृमी, हत्तीरोगाचा कृमी आणि नारू हे याच संघातले. मुलांमधील जंतांच्या प्रादुर्भावावर उपाय म्हणून केंद्र सरकार २०१५ पासून राष्ट्रीय जंतनाशक दिन पाळते. त्यात १ ते १९ वर्षे वयोगटातील मुलांना अल्बेंडेझोलची गोळी दिली जाते.

नारूची कथा मराठवाडा आणि विदर्भातील जुन्या पिढीला सांगावी लागत नाही. पायविहिरींच्या पाण्यात सायक्लॉप्स हा सूक्ष्म संधिपाद प्राणी असे आणि त्याच्या पोटात नारूची अळी. ते पाणी पिणाऱ्या माणसाच्या पायातून वर्षभराने हातभर लांबीचा कृमी बाहेर पडे. पाणी कापडाने गाळून पिणे आणि पायविहिरींऐवजी हातपंप वापरणे या साध्या उपायांनी ही साखळी तुटली. देशातील शेवटचा रुग्ण १९९६ मध्ये राजस्थानात आढळला आणि २००० मध्ये भारत नारूमुक्त झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने प्रमाणित केले. एका अपृष्ठवंशीय प्राण्याला दुसऱ्याच्या पोटात ओळखल्यामुळे हे यश शक्य झाले.

वलयी प्राणी : प्राणवायू संपल्यावरही उरणारे

गांडूळ आणि जळू यांच्या शरीरावर दिसणाऱ्या कड्या त्यांच्या संघाची ओळख सांगतात. वलयी प्राण्यांचे शरीर सारख्या खंडांचे बनलेले असते. त्यांना खरी देहगुहा असते, रक्त बंद वाहिन्यांतून फिरते आणि त्या रक्तात हिमोग्लोबिन असते. माणसाचे हिमोग्लोबिन तांबड्या पेशींच्या आत असते, तर गांडुळाचे रक्तद्रवातच विरघळलेले असते. भारतीय गांडुळाच्या शरीररचनेवर लखनौच्या कर्म नारायण बहल यांनी १९२६ मध्ये लिहिलेली पुस्तिका देशभरच्या प्राणिशास्त्र विद्यार्थ्यांच्या अभ्यासाचा दीर्घकाळ आधार होती.

यमुनेच्या संदर्भात या संघातील ट्युबिफेक्स हा बारीक लाल कृमी महत्त्वाचा आहे. मत्स्यालयातील माशांचे खाद्य म्हणून तो दुकानांत विकला जातो. डोके गाळात खुपसून आणि शेपूट पाण्यात हलवत तो राहतो. डोक्याकडून गाळातील सेंद्रिय अन्न मिळते आणि शेपटीकडून प्राणवायू. हिमोग्लोबिनच्या जोरावर तो पाण्यात उरलेला अत्यल्प प्राणवायूही पकडू शकतो. त्यामुळे सांडपाण्याने भरलेल्या नदीत इतर प्राणी नाहीसे झाले, की स्पर्धक आणि भक्षक उरत नाहीत आणि ट्युबिफेक्सची संख्या बेसुमार वाढते. नदीच्या तळाशी हे लाल धागे दाट पसरलेले दिसणे म्हणजे आजाराचे स्पष्ट लक्षण मानले जाते.

मृदुकाय प्राणी : कवचाआडचे मऊ शरीर

गोगलगाय, शिंपले, कालवे, तिसऱ्या, माकूळ आणि ऑक्टोपस हे सगळे मृदुकाय संघाचे सदस्य आहेत. संधिपादांनंतरचा हा सर्वांत मोठा प्राणिसंघ. शरीर मऊ आणि खंडविरहित असते. त्यावर प्रावार नावाचे आवरण असते आणि बहुतेकांत तेच चुन्याचे कवच तयार करते. स्नायुमय पायाचे रूप मात्र गरजेप्रमाणे बदललेले दिसते. गोगलगाय त्यावर सरपटते, शिंपला त्याने वाळू उकरतो आणि ऑक्टोपसमध्ये त्यापासून भुजा बनतात. तीन हृदये, निळे रक्त आणि प्रगत मेंदू असलेला ऑक्टोपस हा कणा नसलेल्या प्राण्यांमधील बुद्धिमान प्राणी मानला जातो.

नदीतील दोन गोगलगाई शेजारी ठेवल्या, तर श्वसनाचा फरक पाण्याविषयी बरेच सांगून जातो. काही गोगलगाई कल्ल्यांनी श्वास घेतात. त्यांना पाण्यात पुरेसा विरघळलेला प्राणवायू लागतो. लिम्नियासारख्या गोगलगाईंच्या प्रावारात मात्र फुप्फुसासारखी पोकळी असते. त्या पृष्ठभागावर येऊन हवा घेतात आणि पाणी बिघडले तरी निभावून नेतात. एखाद्या ठिकाणी फक्त हवा घेणाऱ्या गोगलगाई उरल्या असतील, तर पाण्यात काय कमी आहे ते वेगळे सांगावे लागत नाही.

गोड्या पाण्यातील मोठे शिंपले कल्ल्यांतून पाणी गाळून त्यातील सूक्ष्म शेवाळ आणि कण खातात. अशा प्रकारे ते नदीची विनामोबदला सफाई करतात. त्यांच्या अळ्या काही काळ माशांच्या कल्ल्यांना किंवा परांना चिकटून वाढतात. म्हणून नदीतून मासे गेले, की काही वर्षांनी शिंपल्यांची नवी पिढीही थांबते.

संधिपाद प्राणी : पृथ्वीवरील सर्वांत यशस्वी संघ

ज्ञात प्राणिप्रजातींपैकी सुमारे ८० टक्के प्रजाती या एकाच संघात आहेत. सांधे असलेले पाय, खंडयुक्त शरीर आणि कायटिनचे बाह्यकंकाल ही त्यांची तीन मुख्य लक्षणे. हे चिलखत वाढत नाही, म्हणून वाढीच्या प्रत्येक टप्प्यावर ते टाकून नवे तयार करावे लागते. याच प्रक्रियेला कात टाकणे म्हणतात.

संघातील उपगट पाय मोजून सहज ओळखता येतात. कीटकांना सहा पाय असतात आणि शरीराचे डोके, वक्ष व उदर असे तीन भाग असतात. कोळी, विंचू आणि गोचीड यांना आठ पाय असतात व स्पर्शिका नसतात. खेकडे, कोळंबी आणि सायक्लॉप्स या कवचधारींना स्पर्शिकांच्या दोन जोड्या असतात. गोमेच्या प्रत्येक खंडाला पायांची एक जोडी असते, तर वाणीच्या बहुतेक खंडांना दोन.

दिल्लीकरांना या संघाची सर्वांत कटू ओळख एडीस डासाने करून दिली. १९९६ च्या डेंग्यूच्या साथीत शहरात १० हजार २५२ रुग्णांची आणि ४२३ मृत्यूंची नोंद झाली. एडीस डास घरातील साठवलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो, तर क्युलेक्स डास तुंबलेल्या घाण पाण्यात वाढतो. डासांच्या अळ्या शेपटीकडील नळी पाण्याबाहेर काढून थेट हवा घेतात. त्यामुळे पाण्यातील प्राणवायू संपला तरी त्यांचे काही बिघडत नाही. त्यांना खाणारे मासे आणि चतुरांच्या अळ्या मात्र त्या पाण्यात जगत नाहीत. प्रदूषित नाला डासांना अन्न पुरवतो आणि शत्रूंपासून संरक्षणही देतो.

नदीच्या तपासणीत कीटकांच्या अळ्यांना सर्वाधिक महत्त्व असते. मेफ्लाय नावाचा नाजूक कीटक प्रौढावस्थेत अवघे काही तास किंवा एखाद-दुसरा दिवस जगतो, पण त्यापूर्वी त्याची अळी कित्येक महिने, कधी वर्षभर पाण्यात काढते. तिच्या उदराच्या दोन्ही बाजूंना पानांसारखे नाजूक कल्ले असतात. स्टोनफ्लायच्या अळीला थंड, खळाळते आणि प्राणवायूने भरलेले पाणी लागते. चतुर आणि टाचणी यांच्या अळ्या मध्यम प्रतीच्या पाण्यातही आढळतात. कायरोनोमिड या न चावणाऱ्या, डासासारख्या दिसणाऱ्या माशीच्या काही प्रजातींच्या अळ्या मात्र लालभडक असतात. ट्युबिफेक्सप्रमाणे त्यांच्याजवळही हिमोग्लोबिन असते आणि सडक्या गाळात त्या मुबलक वाढतात.

कंटकचर्मी : नदीत न येणारा संघ

तारामासा, सी-अर्चिन आणि समुद्री काकडी यांचा कंटकचर्मी संघ यमुनेत, किंबहुना जगातील कोणत्याही नदीत सापडत नाही. हे प्राणी केवळ सागरी आहेत. त्यांच्या शरीरात पाण्याच्या नलिकांचे जाळे असते. त्या दाबावर शेकडो नलिकापाद हलतात, चिकटतात आणि श्वसनालाही मदत करतात. शरीरातील क्षारांचे प्रमाण समुद्राच्या पाण्याशी जुळलेले असल्याने गोडे पाणी त्यांना मानवत नाही. प्रौढ प्राण्याची रचना पाच भागांची अरीय असली, तरी त्यांची अळी द्विपार्श्व सममित असते.

गर्भाच्या वाढीचा क्रम पाहता कंटकचर्मी प्राणी खेकडा किंवा गांडुळापेक्षा माणसाला जवळचे नातेवाईक ठरतात. ‘कणा नसलेले’ हे नाव नाते सांगण्यास किती अपुरे आहे, याचे हे उत्तम उदाहरण आहे. परदेशात खाद्य म्हणून होणाऱ्या तस्करीमुळे भारताने २००१ मध्ये समुद्री काकड्यांना वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंक्तीत, स्थान दिले.

गाळातील गुणपत्रिका

या सर्व माहितीचा व्यवहारात उपयोग कसा होतो, हे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या जैविक निकषांत दिसते. त्यात दोन प्रकारचे गुण दिले जातात. पहिल्या प्रकारात प्राण्यांच्या प्रत्येक कुळाला त्याच्या प्रदूषण सहन करण्याच्या क्षमतेनुसार १ ते १० गुण ठरवून दिलेले आहेत. मेफ्लाय आणि स्टोनफ्लायच्या संवेदनशील कुळांना सर्वाधिक १० गुण, कायरोनोमिडला २ आणि ट्युबिफेक्ससारख्या कृमींना केवळ १. सापडलेल्या कुळांच्या गुणांची सरासरी काढली जाते.

दुसरे गुण विविधतेचे. जाळीत आलेले प्राणी एकामागोमाग एक पाहिले जातात. समोरचा प्राणी आधीच्याहून वेगळा असला, की फरक मोजला जातो. सारखाच असला, तर मोजला जात नाही. फरकांच्या संख्येला एकूण प्राण्यांच्या संख्येने भागले, की शून्य ते एक यांदरम्यानचा आकडा मिळतो. त्यासाठी लॅटिन नावे पाठ असण्याची गरज नाही. लक्षपूर्वक पाहणारी नजर पुरते. दोन्ही गुणांच्या आधारे पाण्याचे स्वच्छ ते तीव्र प्रदूषित असे पाच वर्ग केले जातात.

दिल्लीतील २२ किलोमीटर

यमुनेची एकूण लांबी १ हजार ३७६ किलोमीटर आहे. पल्ला गावाजवळ ती दिल्लीत प्रवेश करते, तेव्हा तिची स्थिती तुलनेने बरी असते. वझिराबाद बंधाऱ्यापाशी शहराच्या पिण्यासाठी तिचे पाणी उचलले जाते आणि बंधाऱ्याच्या खाली लगेचच नजफगढ नाला तिला मिळतो. वझिराबाद ते ओखला हा पट्टा सुमारे २२ किलोमीटरचा, म्हणजे नदीच्या लांबीच्या दोन टक्क्यांहूनही कमी आहे. तरीही नदीतील प्रदूषणाचा सुमारे तीन चतुर्थांश भार याच पट्ट्यात येतो. स्नानासाठी योग्य पाण्यात प्रतिलिटर किमान ५ मिलिग्रॅम विरघळलेला प्राणवायू असावा, असा निकष आहे. कोरड्या महिन्यांत या पट्ट्यातील अनेक ठिकाणी तो शून्यावर येतो.

शून्य प्राणवायूचा अर्थ वरील संघांच्या यादीवर लावून पाहिला, तर चित्र स्पष्ट होते. त्वचेने श्वास घेणारा हायड्रा, पाणी गाळणारे स्पंज आणि शिंपले, कल्ल्यांच्या गोगलगाई, मेफ्लाय आणि चतुरांच्या अळ्या यांपैकी कोणालाही तेथे थारा मिळत नाही. उरतात ते हिमोग्लोबिनवर तगणारे लाल कृमी व अळ्या आणि पाण्याबाहेरून हवा घेणारे प्राणी. अनेक संघांची वस्ती असायला हवी तेथे दोन-तीन गटांची गर्दी होते. प्राण्यांची संख्या मोठी दिसते, विविधता मात्र नाममात्र असते.

यमुना कृती आराखड्याला १९९३ मध्ये जपानच्या अर्थसाहाय्याने सुरुवात झाली. त्यानंतर शुद्धीकरण केंद्रे वाढली, नाले वळवण्याच्या योजना आल्या आणि २०२५ च्या दिल्ली विधानसभा निवडणुकीत नदीची स्वच्छता प्रचाराचा प्रमुख मुद्दा बनली. पृष्ठभागावरील कचरा आणि जलपर्णी यंत्रांनी काढता येते, फेस रसायनांच्या फवाऱ्याने दाबता येतो. तळाचे प्राणी अशा उपायांना दाद देत नाहीत. त्यांना दिवसा आणि रात्री पुरेसा प्राणवायू, वाहते पाणी आणि विषारी गाळापासून मुक्त तळ लागतो, आणि तोही सलग कित्येक महिने. वर्षभराच्या प्रयत्नानंतर एका रात्री सोडलेले औद्योगिक सांडपाणी त्यांची नवी वस्ती पुसून टाकू शकते.

अशी वस्ती परत येते, याचा अनुभव जगाने घेतला आहे. अमेरिका आणि कॅनडा यांच्या सीमेवरील ईरी सरोवराच्या पश्चिम भागात १९५३ मध्ये तळाचा प्राणवायू संपला आणि तेथील मेफ्लाय जवळपास नाहीशा झाल्या. सांडपाण्यावर नियंत्रण आणल्यानंतर १९९० च्या दशकात त्या पुन्हा दिसू लागल्या. आता उन्हाळ्यात त्यांचे थवे इतके मोठे उठतात, की हवामान खात्याच्या रडारवर ढगासारखे उमटतात. परत येण्यास मात्र सुमारे चार दशके लागली.

यमुनेच्या बाबतीत एक जमेची बाजू आहे. नदीचा वरचा प्रवाह अद्याप जिवंत असल्याने संवेदनशील प्राण्यांच्या अळ्या तेथून वाहत खाली येऊ शकतात. खाली त्यांना टिकण्याजोगे पाणी मिळते की नाही, एवढाच प्रश्न आहे. गुणांच्या तक्त्यानुसार सुधारणा झाली, तर तळातील लाल कृमींची दाटी आधी विरळ होऊ लागेल. पुढे टाचणी व चतुरांच्या अळ्या, कल्ल्यांच्या गोगलगाई आणि शिंपले दिसतील आणि सर्वांत शेवटी मेफ्लायची संवेदनशील कुळे येतील. स्वच्छतेच्या खर्चाचे आणि कामाचे आकडे वेळोवेळी जाहीर होत राहतील. ओखल्याच्या गाळातून कल्ल्याची गोगलगाय वर्षभर सापडत राहिली, तर त्या आकड्यांना नदीने दुजोरा दिला असे म्हणता येईल.